पकडणाऱ्याची धाव, सापडणाऱ्याचे पाऊल

इंग्रजी समानार्थी कोशात 'कॅच' हे क्रियापद काढले की त्याच्या मागोमाग 'कॅप्चर', 'ट्रॅप', 'स्नेअर', 'सीझ', 'नेट', 'हुक', 'एन्टँगल', 'एन्ट्रॅप', 'कॉर्नर', 'नॅब' अशी लांबलचक रांग लागते, आणि वाचणाऱ्याचा असा समज होतो की यांतला कोणताही शब्द उचलावा आणि वाक्यात बसवावा. माझे काम अनुवादाचे असल्यामुळे या रांगेशी माझा नेहमीच संबंध येतो, आणि तो जसजसा वाढत गेला तसतसे माझे मत पक्के होत गेले की या क्रियापदांत समान असे फारच थोडे आहे. शेवटी कोणीतरी कोणाच्या तरी हाती लागले, एवढाच त्यांचा समान भाग. धावले कोण, दबा धरून थांबले कोण, मध्ये साधन कोणते होते, सापडण्याच्या क्षणी पकडणारा तिथे हजर तरी होता का, आणि सापडलेल्याचा स्वतःच्या सापडण्यात किती वाटा होता, या प्रत्येक प्रश्नाला ही क्रियापदे निरनिराळी उत्तरे देतात. त्यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शब्द निवडणारा माणूस त्या निवडीबरोबरच घडलेल्या गोष्टीची जबाबदारीही वाटून टाकत असतो, आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

यांतले सर्वांत उघड्या स्वभावाचे क्रियापद म्हणजे 'कॅच'. उत्तर फ्रान्समधल्या बोलीतल्या 'काचिए' या रूपातून ते 1200 च्या सुमारास इंग्रजीत आले. त्याच शब्दाचे मध्य फ्रान्सकडचे रूप 'चासिए' असे होते, आणि तेही पुढे इंग्रजीने उचलले. त्याचे झाले 'चेस'. म्हणजे पाठलाग करणे आणि पकडणे ही इंग्रजीतली दोन क्रियापदे मुळात एकाच लॅटिन शब्दाची दोन बोलींतून आलेली रूपे आहेत. आरंभी 'कॅच'चाही अर्थ पाठीस लागणे, शिकार करणे असाच होता. पुढे दोन्ही शब्द एकाच घरात नांदू लागल्यावर त्यांनी कामाची वाटणी करून घेतली: धावणे एकाकडे गेले, हाती लागणे दुसऱ्याकडे. 'कॅच'चे भूतकाळी रूप 'कॉट' असे विचित्र का, याचेही उत्तर याच इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत पकडण्यासाठी स्वतःचे अस्सल क्रियापद होते, जे आज 'लॅच' या रूपात दाराच्या खिटीपुरते उरले आहे. परक्या 'कॅच'ने त्याची जागा घेतली आणि भूतकाळी रूपाचा साचाही त्याच्याकडूनच घेतला. दुकानातल्या खरेदीचा 'पर्चेस' हा शब्दही याच कुळातला आहे. एखादी गोष्ट मिळवण्यासाठी तिच्या मागे लागणे हा त्याचा मूळ अर्थ.

ही धाव 'कॅच'च्या अंगात आजही शिल्लक आहे. 'कॅच' करणारा स्वतः हलतो, आणि जे पकडायचे तेही हलत असते. क्षेत्ररक्षक चेंडूकडे झेपावतो, प्रवासी सुटू पाहणारी गाडी गाठतो, आणि दोन्ही ठिकाणी इंग्रजी हेच क्रियापद वापरते, कारण दोन्ही ठिकाणी वेळेशी स्पर्धा आहे. गाडीचा पळून जाण्याचा कसलाही हेतू नसतो, पण ती दूर जात असते, एवढे 'कॅच'ला पुरते. मराठीने इथे अधिक बारीक विभागणी केलेली आहे: हवेतून येणारी वस्तू आपण झेलतो, पळणाऱ्याला पकडतो, हात धरतो आणि गाडी गाठतो किंवा पकडतो. 'कॅच' हे क्षणाचे क्रियापद आहे, पुढच्या काळाविषयी ते काही सांगत नाही. म्हणूनच मासेमारीत 'कॅच अँड रिलीज' असा शब्दप्रयोग सहज करता येतो; 'कॅप्चर'च्या जोडीला 'रिलीज' आला की मात्र एखाद्या ताब्याचा, कोठडीचा वास येऊ लागतो.

'कॅच'ची दिशा कधीकधी उलटी होते. इंग्रजी माणूस सर्दी 'कॅच' करतो. म्हणजे व्याकरणात शिकारी तो आणि शिकार सर्दी. मराठीत सर्दी आपल्याला होते, आणि आपण चतुर्थी विभक्तीत गप्प बसून तिचे येणे स्वीकारतो. याउलट चोराच्या बाबतीत मराठी जे करते ते इंग्रजीला जमत नाही. 'चोर सापडला' आणि 'किल्ली सापडली' यांत आपण एकच क्रियापद वापरतो. 'तो पोलिसांना सापडला' असे म्हणताना पोलीस जणू एखादी गोष्ट मिळालेली माणसे होतात. यात पोलिसांची मेहनत पुसली जाते, आणि चोराचे लपणेही पुसले जाते. इंग्रजीत 'ही वॉज कॉट' असे म्हटले तरी त्या वाक्यामागे कोणीतरी धावत आलेले असते, भले त्याचे नाव घेतलेले नसो.

'ट्रॅप'पाशी आले की चित्र पार पालटते. हा शब्द जुन्या इंग्रजीतला, आणि त्याचा नातेवाईक म्हणजे जर्मन भाषेतला 'ट्रेपे', म्हणजे जिना किंवा पायरी. ज्यावर किंवा ज्यात पाऊल पडते ते, असा बहुधा त्याचा मूळ अर्थ. शब्दाच्या मुळातच पाऊल आहे आणि ते पकडणाऱ्याचे नाही. सापळा लावणारा लावून निघून जातो. तो घरी झोपलेला असतो, कदाचित आपण सापळा लावला आहे हे विसरलेलाही असतो, आणि इकडे सापडणारा स्वतःच्या पायांनी चालत येऊन राहिलेले काम पुरे करतो. 'कॅच'मध्ये दोन्ही पक्ष एकाच क्षणी एकाच जागी असावे लागतात. 'ट्रॅप'मध्ये काळाचे दोन तुकडे असतात, एक लावण्याचा आणि एक सापडण्याचा, आणि त्या दोहोंच्या मध्ये कोणी नसले तरी चालते. म्हणून 'कॅच'ला चपळाई लागते आणि 'ट्रॅप'ला सावजाची माहिती. ते कोणत्या वाटेने येते, कशाला भुलते, कुठे टेकते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच सापळा लावता येतो. दुसऱ्याच्या सवयीचा अभ्यास करून ती त्याच्याच विरुद्ध वापरणे, हे 'ट्रॅप'चे खरे स्वरूप आहे, आणि त्यामुळे या शब्दाला 'कॅच'ला नसलेला एक काळिमा चिकटतो.

वनस्पतिशास्त्राने एका कीटकभक्षी झाडाला 'व्हीनस फ्लायट्रॅप' असे नाव दिले, ते या दृष्टीने फार नेमके आहे. अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांच्या किनारी दलदलींत हे झाड निसर्गतः वाढते. त्याच्या पानाचे दोन भाग शिंपल्याच्या झडपांसारखे उघडे असतात आणि आतल्या पृष्ठभागावर मोजके ताठ केस असतात. माशी एकदा केसाला लागली तर काही होत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला, की पान एका सेकंदाच्या अंशात मिटते. पण ते मिटले म्हणजे सगळे संपले, असे नाही. आत सापडलेली माशी सुटण्यासाठी धडपडते, त्या धडपडीत ते केस पुन्हापुन्हा हलतात, आणि त्या हलण्यावरूनच झाड ठरवते की आत जिवंत भक्ष्य आहे. मग पान घट्ट आवळले जाते आणि पाचक रस सुटू लागतात. माशी निपचित पडून राहिली असती तर पान काही काळाने पुन्हा उघडण्याची शक्यता होती. झाड जागचे हललेले नाही, पान मिटायला लावणारी हालचाल सारी माशीची. चार्ल्स डार्विन या झाडाने इतका भारावला होता की 1875 मध्ये त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

लावणाऱ्याशिवाय सापळा असू शकतो, हेही इंग्रजीने मान्य केलेले आहे. 5 ऑगस्ट 2010 रोजी चिलीमधल्या सान होजे खाणीत दरड कोसळून 33 कामगार सुमारे 700 मीटर खोलीवर राहिले, आणि 69 दिवसांनंतर, 13 ऑक्टोबरला, त्यांना वर काढण्यात आले. त्या काळातल्या इंग्रजी बातम्यांत त्यांना सर्रास 'ट्रॅप्ड मायनर्स' म्हटलेले आढळते. 'कॉट' हा शब्द तिथे शोभला नसता. पावसात कोणी 'कॉट' होते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की पाऊस आला तेव्हा तो नेमका बाहेर होता; भिजेल आणि घरी जाईल. पुरात कोणी 'ट्रॅप्ड' होते तेव्हा बाहेर पडण्याच्या वाटा बंद झालेल्या असतात. एकात गाठ पडण्याची वेळ महत्त्वाची आहे, दुसऱ्यात कोंडी. मराठीतले 'अडकणे' हे दोन्हींचे काम करते; माणूस पावसातही अडकतो आणि खाणीतही अडकतो, आणि दोन प्रसंगांतले अंतर आपल्याला आवाजाच्या पट्टीवर सोपवावे लागते. 'स्टक' आणि 'स्ट्रँडेड' ही याच परिसरातली आणखी दोन. त्यांपैकी दुसऱ्यात 'स्ट्रँड' म्हणजे किनारा आहे. गलबत पाण्याबाहेर रेतीवर चढून बसावे, तशी ती अवस्था. तिथे वाटा सगळ्या उघड्या असतात, पण जाण्याचे साधन निकामी झालेले असते.

'स्नेअर' हा शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी इंग्रजीला दिला. प्राचीन नॉर्स भाषेतला 'स्नारा' म्हणजे फासा. सापळ्याला झडप, पेटी, कमान असे काही ना काही यंत्र असते. स्नेअरमध्ये फक्त एक तार किंवा दोरी असते. तिच्या एका टोकाला छोटे कडे करून त्यातून दुसरे टोक ओवून घेतात, आणि तयार झालेला फास जनावराच्या नेहमीच्या वाटेवर, त्याचे डोके ज्या उंचीवर येते त्या उंचीवर अडकवून ठेवतात. जनावर चालत येते, मान आत जाते, आणि ते तसेच पुढे चालत राहते, कारण त्याला अजून काही कळलेले नसते. तार खेचली जाते, फास लहान होतो. मग भीती वाटते, आणि भीतीने ते जोर लावते. जोर जितका जास्त, फास तितका घट्ट. फास आवळण्याचे काम यात कोणतीही स्प्रिंग करत नाही. ती ताकद सारी त्या जनावराची स्वतःची असते. सापळ्यात सापडणाऱ्याने एक पाऊल चुकीचे टाकलेले असते. फाशात सापडणारा सुटण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने स्वतःचे आणखी नुकसान करतो. इतका क्रूर भेद इंग्रजीने दोन साध्या एकाक्षरी शब्दांत भरून ठेवला आहे, याचे मला नेहमी नवल वाटते.

म्हणूनच नैतिक आणि धार्मिक लिखाणाला 'स्नेअर' इतका जवळचा वाटला असावा. इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेने तयार झालेल्या 1611 च्या इंग्रजी बायबलात हा शब्द जागोजागी येतो: मोह, संपत्ती, दुष्टांचे बोलणे, परक्यांचे देव, सारे 'स्नेअर'. आपल्याकडे तेच काम 'पाश' करतो. मायेचे पाश, मोहपाश, भवपाश. पण मराठीत प्रेमाचेही पाश असतात, आणि ते म्हणताना कोणाचा जीव घाबरत नाही; 'स्नेअर'ला ही मुभा कधीच मिळाली नाही. ती मिळाली ती लॅटिनमधल्या फाशाला. 'लाक्वेउस' म्हणजे फासा. तोच फ्रेंचमधून येऊन इंग्रजीत 'लेस' झाला, आधी फासा, मग बांधण्याची दोरी, मग बुटाची नाडी आणि कपड्यावरची नाजूक जाळी. त्याच शब्दाचा स्पॅनिश वारस म्हणजे गुरे पकडण्याचा 'लासो'. 'स्कँडल' हा शब्दही पकडण्याच्याच साधनातून निघालेला आहे. ग्रीकमधला 'स्कांदालोन' म्हणजे माणूस ठेचकाळावा असा अडथळा, किंवा सापळा.

जाळ्याचे कूळ याहून शांत. 'नेट', 'एन्मेश', 'एन्टँगल' या क्रियापदांत झडप नाही, आवळणे नाही. आहे ती गुंतागुंत. मासेमारीच्या 'गिलनेट' प्रकारच्या जाळ्यात भोके अशी मोजून ठेवतात की माशाचे डोके आत जावे आणि धड जाऊ नये. मागे सरताना कल्ले अडकतात. 'ट्रॅमल नेट' त्याहून वरताण आहे. त्यात तीन जाळी एकावर एक असतात: बाहेरच्या दोन मोठ्या भोकांच्या, मधली बारीक भोकांची आणि सैल सोडलेली. मासा बाहेरच्या मोठ्या भोकातून सहज आत येतो, मधल्या सैल जाळीला डोक्याने पुढे ढकलतो, आणि ती पलीकडच्या मोठ्या भोकातून बाहेर निघून तिची एक पिशवी तयार होते. त्या पिशवीत मासा बसलेला असतो. 'ट्रॅमल' या शब्दातच लॅटिनमधले 'तीन' आणि 'जाळीचे भोक' हे दोन्ही शब्द दडलेले आहेत. आज ही जाळी कोळ्यांखेरीज फारशी कोणाला माहीत नसेल, पण 'अनट्रॅमल्ड', म्हणजे कशातही न अडकलेला, हे विशेषण स्वातंत्र्याविषयीच्या भारदस्त लिखाणात अजून टिकून आहे.

'एन्टँगल'विषयी मात्र मला एक तक्रार आहे. अटलांटिक महासागराच्या उत्तर भागातले राइट व्हेल नावाचे देवमासे मासेमारीच्या दोरांत आणि जाळ्यांत अडकून जखमी होतात, मरतात. त्यांची संख्या आता चारशेच्या आत आहे, आणि बहुतेकांच्या अंगावर दोरांचे वळ दिसतात. या घटनांसाठी शास्त्रीय आणि सरकारी इंग्रजीत ठरलेला शब्द 'एन्टँगलमेंट' हा आहे. हेतू पाहिला तर तो अचूकच, कारण तो दोर देवमाशासाठी कोणी सोडलेला नसतो. पण गुंतणे हे स्वतःचे स्वतःच घडून येणारे काम वाटते. दोर जणू समुद्रात उगवले आणि देवमासा त्यांत वळला. नको असलेले प्राणी जाळ्यात येतात त्याला 'बायकॅच' म्हणतात, आणि हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात 'कॅच' शिल्लक आहे, म्हणजे पकडणारा शिल्लक आहे. समुद्रात हरवलेली जाळी वर्षानुवर्षे मासे मारत राहतात, त्याला 'घोस्ट फिशिंग' असे नाव पडले आहे. पकडणाऱ्याचा हेतूही संपला, मालकीही संपली, तरी पकडणे चालूच आहे, हे त्या नावाने बरोबर हेरले.

आमिषाच्या शब्दांत तर जबाबदारीची ही वाटणी फारच बारीक होते. 'बेट' हा प्राचीन नॉर्समधला शब्द 'चावणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. 'बेट' म्हणजे चावायला लावणे. मराठीच्या प्रयोजकाला सरावलेल्या माणसाला ही रचना लगेच उमगते. चावतो मासाच, पण चाववतो दुसरा कोणी. 'ल्युअर'चा जन्म ससाणे पाळणाऱ्यांच्या हाती झाला. दोरीच्या टोकाला पिसांचा झुबका आणि मांसाचा तुकडा बांधून तो गरागरा फिरवत, की आकाशात गेलेला आपलाच ससाणा परत खाली यावा. म्हणजे मुळात 'ल्युअर' हे परक्याला फसवण्याचे साधन नव्हते, आपल्याला घरी बोलावण्याचे होते. फसवणुकीचा अर्थ त्यावर नंतर चढला.

'डिकॉय'ची, म्हणजे भुलवून आत ओढणाऱ्याची, गोष्ट अधिक थांबून सांगावीशी वाटते. हा शब्द डच भाषेतल्या 'कोइ' म्हणजे पिंजरा या शब्दावरून आला, आणि त्याच्या आरंभीचा 'डि' हा बहुधा डचमधल्या उपपदाचा अवशेष आहे. 17व्या शतकात डच पद्धतीची बदकतळी इंग्लंडमध्ये होऊ लागली. एक शांत तळे, आणि त्यापासून निघालेले वळणदार चर; प्रत्येक चरावर कमानी लावून जाळी पसरलेली, चर पुढेपुढे अरुंद होत जाणारा आणि टोकाशी जाळ्याच्या पिशवीत संपणारा. चराच्या कडेने वेताचे आडोसे एकमेकांना थोडे झाकतील असे तिरके उभे केलेले. आडोशांमागे माणूस लपून राहतो, आणि त्याने शिकवलेला एक लहान कुत्रा एका आडोशाच्या पुढून धावत येऊन दुसऱ्याच्या मागे नाहीसा होतो, मग थोडा पुढे पुन्हा दिसतो, पुन्हा नाहीसा होतो. पाण्यावरची रानबदके कुत्र्याला भिऊन पळत नाहीत. पाण्यात आपण सुरक्षित आहोत हे त्यांना ठाऊक असते, आणि शत्रूला नजरेआड होऊ न देणे हा त्यांचा स्वभाव असतो, म्हणून ती कुत्र्याच्या मागोमाग पोहत चरात शिरतात. कुत्रा दिसतो आणि लपतो, बदके आणखी थोडी पुढे येतात. पुरेशी आत आली की माणूस त्यांच्या मागच्या बाजूला उभा राहतो, आणि त्याला पाहून ती उडतात, ती चराच्या निमुळत्या टोकाकडे. इथे आमिष कुठेच नाही. त्या बदकांना खाण्याचा मोह पडलेला नाही. ती सावध राहू पाहत होती, आणि त्यांच्या सावधगिरीनेच त्यांना आत नेले. आज ज्याला कोणी सहज 'डिकॉय' म्हणते, त्याच्या मागे इतका खोल अभ्यास उभा आहे. अशी काही तळी पुढे पक्ष्यांच्या पायांत ओळखीच्या कड्या घालून त्यांना सोडून देण्यासाठी उपयोगात आली, ही समाधानाची गोष्ट.

'कॅप्चर' हे या सगळ्यांत उशिरा आलेले क्रियापद. नाम म्हणून तो शब्द आधीपासून होता, क्रियापद म्हणून तो 18व्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. आधीची क्रियापदे पकडण्याच्या रीतीविषयी बोलतात. 'कॅप्चर'ला रीतीशी कर्तव्य नाही, त्याला नंतरचा ताबा महत्त्वाचा. पाठलाग करून, वेढा घालून, फितुरीने, कशाही मार्गाने घेतलेला किल्ला 'कॅप्चर' केलेलाच असतो. शास्त्रज्ञांनी हा फरक फार काटेकोरपणे पाळला आहे. 1997 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक स्टीव्हन चू, क्लोद कोएन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना लेझर किरणांनी अणू थंड करून 'ट्रॅप' करण्याच्या पद्धतींसाठी मिळाले; सापळ्यातला अणू तसाच्या तसा असतो, सापळा बंद केला की निघून जातो. अणुकेंद्र जेव्हा आपल्याच एका इलेक्ट्रॉनला ओढून घेते तेव्हा त्याला 'इलेक्ट्रॉन कॅप्चर' म्हणतात, आणि तिथे प्रोटॉनचा न्यूट्रॉन होऊन ते मूलद्रव्यच बदलते. नेपच्यूनचा सर्वांत मोठा उपग्रह ट्रायटन हा नेपच्यूनच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो, आणि यावरून तो बाहेरून येऊन 'कॅप्चर' झाला असावा असे मानतात. त्याला 'ट्रॅप' झालेला उपग्रह कोणी म्हणत नाही; तो आता नेपच्यूनच्या घरचा झाला आहे. हवामानाच्या चर्चेतही हेच दिसते. हरितगृह वायू उष्णता 'ट्रॅप' करतात, आणि धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आपण 'कॅप्चर' करू पाहतो. पहिल्यात नकळत झालेली कोंडी आहे, दुसऱ्यात ठरवून घेतलेला ताबा.

ज्या लॅटिन 'कापेरे'पासून 'कॅच' आणि 'कॅप्चर' निघाले, त्याच धातूपासून 'परसीव्ह' म्हणजे जाणणे आणि 'डिसीव्ह' म्हणजे फसवणे ही दोन्ही निघाली. संस्कृतातल्या 'ग्रह्' धातूची आठवण इथे आल्याखेरीज राहत नाही: ग्रहण करणे म्हणजे समजून घेणे, सूर्याला लागते तेही ग्रहण, धरून बसतो तो आग्रह, आणि तपासून न पाहता धरलेले ते गृहीत.

सापडणाऱ्याचा वाटा किती, या प्रश्नाचा निकाल शेवटी न्यायालयांना करावा लागला, तो 'एन्ट्रॅप' या क्रियापदापायी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1932 मध्ये, दारूबंदीच्या काळात, सॉरेल्स खटल्यात 'सरकारी माणसांनीच मला गुन्हा करायला लावले' हा बचाव मान्य केला. 1958 च्या शर्मन खटल्यातली हकीकत त्याहून बोलकी आहे. आरोपी व्यसनमुक्तीसाठी उपचार घेत होता. उपचाराच्याच ठिकाणी त्याची ओळख झालेला एक माणूस, जो प्रत्यक्षात सरकारी खबऱ्या होता, आपल्याला उपचार लागू पडत नाहीत, फार त्रास होतो, कुठून तरी अमली पदार्थ मिळवून दे, अशी गळ त्याला पुनःपुन्हा घालू लागला. आरोपीने आधी टाळले, विषय बदलला, आणि अखेर कणव येऊन तो बधला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालात लिहिले की बेसावध निरपराध्यासाठी लावलेला सापळा आणि बेसावध गुन्हेगारासाठी लावलेला सापळा यांच्यामध्ये रेषा आखली पाहिजे, आणि शिक्षा रद्द झाली. इंग्लंडमध्ये 2001 च्या लूझली खटल्यात, त्या काळी सर्वोच्च न्यायालयाचेही काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने कसोटी थोडी वेगळ्या शब्दांत मांडली: पोलिसांनी कोणाही माणसाने दिली असती अशी साधी संधी आरोपीपुढे ठेवली, की त्याहून जास्त काही केले? 'ट्रॅप' आणि 'एन्ट्रॅप' यांच्यामध्ये फक्त एक उपसर्ग आहे, पण कायद्यात त्या उपसर्गावर माणसाची सुटका अवलंबून असते. सापळ्यात पाऊल त्याचेच पडले, हे दोन्हीकडे खरे. प्रश्न असा की त्या पावलाची इच्छा कोणाची होती. मराठी बातम्यांत 'सापळा रचून पकडले' हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की त्यात हा प्रश्न कधी उभाच राहत नाही, आणि तो राहावा असे मला मनापासून वाटते.

कायद्याला साधनांच्या नावांकडेही असेच बारकाईने पाहावे लागले. दातेरी जबड्याचा जो लोखंडी सापळा जनावराचा पाय चिरडून धरतो, त्याला इंग्रजीत 'जिन ट्रॅप' म्हणत. 'जिन' हे 'एंजिन'चेच आखूड रूप, म्हणजे कल्पकतेने केलेली युक्ती. त्याचा वापर इंग्लंड आणि वेल्समध्ये 1954 च्या कायद्याने 1958 पासून बंद झाला. फाशाची पाळी त्यानंतर फार उशिरा आली. स्कॉटलंडमध्ये त्यावर बंदी घालण्याची चर्चा चालू असता शिकारीची राने सांभाळणाऱ्यांच्या बाजूने असे मांडले गेले की फास एका मर्यादेपलीकडे आवळू नये अशी सोय केलेली नवी साधने आता आली आहेत, त्यांना 'स्नेअर' न म्हणता 'ह्यूमेन केबल रिस्ट्रेंट' म्हणावे आणि बंदीतून वगळावे. तार तीच, वाट तीच, वाटेने येणारा कोल्हा तोच. पण 'रिस्ट्रेन' म्हणजे आवर घालणे, आणि आवर घालणाऱ्याला कोणी क्रूर म्हणत नाही. स्कॉटलंडच्या संसदेने ही सवलत न देता 2024 मध्ये बंदी मंजूर केली. वेल्सने ती 2023 मध्येच आणली होती, आणि तिथला कायदा लिहिणाऱ्यांनी 'स्नेअर' या एका शब्दावर भरवसा न ठेवता 'स्नेअर किंवा अन्य कोणतेही केबल रिस्ट्रेंट' असे दोन्ही शब्द कलमात घालून ठेवले.